प्रोसेसिंगच्या स्केचला एसक्यूलाइट जोडायचंय, सल्ला हवा

रंगरेषा
नमस्कार. आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डावरचा तापमानाचा सेन्सर दर सेकंदाला एक नोंद सिरियल पोर्टवरून लॅपटॉपला पाठवतो. प्रोसेसिंग ४ या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमिंग साधनात स्केच (म्हणजे प्रोग्रॅम) केलंय, वर्षभराचं तापमान सर्पिलाकार दिसावं असा बेत आहे. सध्या नोंदी नुसत्या मेमरीत असतात, स्केच बंद केलं की सगळं गेलं. म्हणून एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस.
अटी: सर्व्हर नको, एकच फाइल, खर्च शून्य, लॅपटॉप जुना आहे. कोणती लायब्ररी घेऊ?

सर्व्हरसखा
सरळ पोस्टग्रेस हा सर्व्हरवाला डेटाबेस टाका आणि मोकळे व्हा. आज एक सेन्सर आहे, उद्या दहा होतील. माझ्याकडे वेगळ्या मशिनवर कायम चालू असतं, कधी हात लावावा लागलेला नाही.

निळाबिंदू
त्यांना सर्व्हर नकोय, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.
बेझियर एसक्यूलिब ही लायब्ररी घ्या. फाइल स्केचच्या डेटा फोल्डरमध्ये ठेवायची, कनेक्ट करायचं, क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) द्यायची आणि व्हाइल लूपमध्ये नेक्स्ट करत ओळी वाचायच्या. चार ओळींत काम होतं. मी प्रोसेसिंग ३ वर प्रदर्शनासाठी वापरली होती, पूर्ण प्रदर्शन निर्धोक पार पडलं.

जुना_जावावाला
लायब्ररी जुनी आहे, तिच्यावर कशाला विसंबायचं? प्रोसेसिंग आतून जावाच आहे. झेरियलचं एसक्यूलाइट-जेडीबीसी (जावाला एसक्यूलाइटशी जोडणारा दुवा) उतरवा, त्याची जार फाइल (जावाच्या तयार कोडची फाइल) माउसने ओढून एडिटरच्या खिडकीवर सोडा, ती आपोआप कोड फोल्डरमध्ये जाते. नव्या आवृत्त्यांना एसएलएफफोरजे-एपीआय या दुसऱ्या लायब्ररीची जारही सोबत लागते. ती नसेल तर 'क्लास सापडला नाही' म्हणून स्केच पहिल्याच कनेक्शनला कोसळतं.
आणि डेटाबेस फाइलचा पाथ (पत्ता) नेहमी डेटापाथ फंक्शनमधून द्या. नुसतं फाइलचं नाव दिलंत तर ती भलत्याच फोल्डरमध्ये शोधली जाते. फाइल मिळाली नाही तर एसक्यूलाइट तक्रार करत नाही, गुपचूप नवी रिकामी फाइल तयार करतं. मग 'असं टेबल नाही' हा एरर येतो आणि माणूस स्वतःच्या क्वेरीत चूक शोधत बसतो.

टेबलखुर्ची
एवढा खटाटोप कशासाठी? तक्ता वाचणारं लोडटेबल आणि साठवणारं सेव्हटेबल प्रोसेसिंगमध्येच आहेत. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) ठेवा. कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, जार नको, काही नको. मी सगळी कामं सीएसव्हीवरच करते.

निळाबिंदू
टेबलखुर्ची, दर सेकंदाला एक म्हणजे दिवसाला ८६,४०० ओळी, वर्षाला ३ कोटी १५ लाखांच्या वर. लोडटेबल सगळं मेमरीत ओढतं. जुन्या लॅपटॉपवर?

टेबलखुर्ची
रोजची वेगळी फाइल करायची. किंवा मिनिटाला एकच नोंद ठेवायची. खोलीचं तापमान सेकंदासेकंदाला बदलतं का?

सर्व्हरसखा
म्हणूनच पोस्टग्रेस म्हणालो. ३ कोटी ओळी आहेत या.

ओळखदेख
३ कोटी ओळी एसक्यूलाइटलाही जड नाहीत. त्या सगळ्या स्केचमध्ये आणू नका, एवढंच. सरासरी डेटाबेसलाच काढू द्या. वेळ सेकंदांच्या पूर्णांकात साठवा, ३६०० ने भागून ग्रुप बाय करा, म्हणजे एकेका तासाच्या नोंदी एकत्र होतात. वर्षाचे तासागणिक ८,७६० बिंदू हातात येतात, सर्पिलाला ते भरपूर झाले.
दुसरं, क्वेरी ड्रॉ या चित्र काढणाऱ्या फंक्शनमध्ये लिहू नका. ड्रॉ सेकंदाला ६० वेळा चालतं, चित्र अडखळणारच. थ्रेड फंक्शनने बाजूला वाचा आणि तयार अ‍ॅरे ड्रॉकडे द्या.

जुना_जावावाला
+१. भरपूर नोंदी एकदम घालायच्या असतील तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकगठ्ठा) घाला. नाहीतर प्रत्येक इन्सर्ट हे स्वतंत्र ट्रान्झॅक्शन धरलं जातं आणि दर वेळी डिस्कवर पक्कं लिहून होईपर्यंत थांबावं लागतं.

पाराचढला
लायब्ररीवर एवढं चाललंय, पण सेन्सर काय पाठवतो ते कोणी विचारलंच नाही. डीएचटी जातीचा सेन्सर असेल तर वाचन फसलं की आर्डुइनो 'नॅन' ('हा आकडा नाही') हा शब्द छापतं. रकाना रिअल (दशांश आकड्यांचा) असला तरी एसक्यूलाइट तो मजकूर निमूट ठेवून घेतं, आणि सरासरी काढताना त्याची किंमत शून्य धरतं! आमच्या प्रकल्पात उन्हाळ्याच्या भर दुपारी आलेख खाली कोसळायचा आणि सगळे सेन्सरची वायर हलवून बघायचे. टेबल करतानाच शेवटी स्ट्रिक्ट लिहा, म्हणजे असा मजकूर आत शिरत नाही. ही सोय एसक्यूलाइटच्या ३.३७ आवृत्तीपासून आहे.

रंगरेषा
डीएचटीच आहे! पाराचढला, मनापासून आभार. परवापासून अधूनमधून दिसणाऱ्या खड्ड्यांचा उलगडा झाला असं वाटतंय.
सगळं वाचून ठरवलंय की स्केचला डेटाबेसमध्ये लिहूच द्यायचं नाही. पायथॉनमध्ये एसक्यूलाइट आधीपासूनच असतं. एक छोटी स्क्रिप्ट सिरियल वाचून नोंदी घालेल. स्केच जेडीबीसीने फक्त वाचेल. रंग बदलून बघायला मी दिवसभर स्केच बंद-चालू करते, त्यात नोंदी तुटायला नकोत.

जुना_जावावाला
दोन प्रोग्रॅम, दोन भाषा, दुप्पट देखभाल. शिवाय सिरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो, म्हणजे स्केचला ताजा आकडा थेट मिळणार नाही. सगळं जावातच बसतं, मी असंच केलंय.

रंगरेषा
वर्षाच्या सर्पिलात एक-दोन सेकंदांच्या उशिराने काही बिघडत नाही. नोंदी अखंड राहणं मला जास्त महत्त्वाचं आहे.

ओळखदेख
मग एसक्यूलाइटचा वाल मोड (नव्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) चालू करा. वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. फाइल याच मशिनवर हवी, नेटवर्क ड्राइव्हवर वाल चालत नाही. स्क्रिप्ट चालू असताना नुसती डीबी फाइल पेनड्राइव्हवर घेऊ नका, ताज्या नोंदी शेजारच्या वाल फाइलमध्ये असू शकतात. बॅकअपसाठी पायथॉनमध्ये वेगळं बॅकअप फंक्शन आहे.

सर्व्हरसखा
पोस्टग्रेसमध्ये हे सगळं आयतंच मिळालं असतं.

रंगरेषा
वाल केला, चालतंय. वेळेच्या रकान्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) लावू का?

ओळखदेख
वेगळा नको. वेळेलाच इंटिजर प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव पूर्णांक ओळख) करा, ओळी त्याच क्रमाने साठतात. एकाच सेकंदात दोन नोंदी आल्या तर दुसरी नाकारली जाईल, तेव्हा स्क्रिप्टमध्ये इन्सर्ट ऑर इग्नोर लिहा, म्हणजे ती एरर न देता वगळली जाईल.