स्ट्रासबर्गच्या चौकातलं ते काळं लाकडी घर म्युझियम आहे का हॉटेल?

अर्धातिकीट: मंडळी, पुढच्या महिन्यात फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला जातोय, हातात जेमतेम अर्धा दिवस. कॅथेड्रल बघायचंच आहे, पण फोटोंमध्ये त्याच चौकात डाव्या अंगाला एक काळपट लाकडी घर दिसतं, मेझाँ कामरझेल. एकीकडे वाचलं की संरक्षित वास्तू आहे आणि दुसरीकडे त्याच पत्त्यावर रेस्टॉरंटचा मेन्यू सापडतो, मग नक्की काय समजायचं? तिकीट वगैरे असतं का, का नुसता फोटो काढून सटकावं?

पोटमाळा: तिकीट नाही, आत रेस्टॉरंटच आहे. कामरझेल नावाच्या माणसाने १४२७ मध्ये बांधलेलं घर, बाकी आतली भित्तिचित्रं छान आहेत, लिओ श्नुग नावाच्या तिथल्याच चित्रकाराची, १९०५ च्या आसपासची. जेवायला बसलात की आपसूक बघून होतात.

खुंटी_खिळा: पोटमाळा, साल बरोबर पण माणूस चुकला :) कामरझेल हा १९व्या शतकातला किराणावाला, नाव त्याचं चिकटलं एवढंच. खरी करामत मार्टिन ब्राऊन नावाच्या चीज व्यापाऱ्याची. मूळ घर १४२७ चं, पण आताचा खालचा दगडी मजला नंतरचा, १४६७ चा, तो तसाच ठेवून त्याने १५८९ मध्ये वरचे लाकडी मजले चढवले, आणि नीट बघा, ते खालच्या दगडापेक्षा रस्त्यावर पुढे आलेत, म्हणजे जमीन तेवढीच आणि वर खोल्या मोठ्या, व्यापारी डोकं!

कोरीवकाम नुसती नक्षी समजू नका. राशी आहेत, पाच इंद्रियं आहेत, माणसाच्या आयुष्याच्या अवस्था आहेत, वाद्यं वाजवणारे आहेत, चीज विकणाऱ्याने एवढा खर्च केला म्हणजे गिऱ्हाइकाला दिसावा म्हणूनच केला असणार असं आपलं माझं मत. खिडक्या ७५, त्यातल्या काचा बाटलीच्या बुडासारख्या गोल गोल, मध्ये जाड, त्यामुळे प्रत्येक काचेत उजेड वेगळा मोडतो. दुपारी तिरकं ऊन असताना बघा.

अर्धातिकीट: वा, भारीच! पण संरक्षित इमारतीत भटारखाना चालतो कसा? काही तोडफोड झाली तर?

खुंटी_खिळा: संरक्षित म्हणजे कुलूपबंद नव्हे हो. फ्रान्समध्ये ही पद्धत १९१३ च्या कायद्यापासूनची, त्यात दोन पायऱ्या, एक 'इन्स्क्री' म्हणजे यादीत नोंद आणि त्यावरची 'क्लासे', म्हणजे जास्त कडक संरक्षण. हे घर १९२९ पासून क्लासे आहे. वापर करा, धंदा करा, पण इमारतीत काही बदलायचं किंवा दुरुस्त करायचं तर आधी सरकारची परवानगी हवी. उलट रोज माणसं आत वावरतात म्हणून गळती, वाळवी लगेच लक्षात येते, बंद घराचं काय होतं ते सांगायला नको. शिवाय मालकी १८७९ पासून कॅथेड्रलची देखभाल करणाऱ्या 'अव्र नोत्र-दाम' या संस्थेकडे आहे, म्हणजे दगड-लाकडाची जाण असलेली माणसं शेजारीच.

पोटमाळा: कामरझेलबद्दल चूक मान्य. अर्धातिकीट, कॅथेड्रलमधल्या खगोलीय घड्याळातले प्रेषित (येशूच्या शिष्यांचे छोटे पुतळे) दुपारी साडेबाराला फिरतात, ते आधी उरका, मग बाहेर येऊन या घराच्या कोपऱ्यापाशी थांबा, चालता चालता बघितलंत तर फक्त काळं लाकूड दिसेल. आणि मान वर करून अगदी टोकाला बघा, माल वर ओढायची कप्पी आहे तिथे.