सरकार लहान केल्याने उद्योगसमूहांचा प्रभाव कमी होतो का?

प्रश्न: मांडवीकर, वडोदरा

दांडिया बाजारातील आमच्या अभ्यासमंडळात या विषयावर तीव्र मतभेद आहेत. एका गटाचे म्हणणे असे की, परवाने, अनुदाने, जमिनी आणि कंत्राटे सरकारच्या हातात जितकी अधिक, तितका ती पदरात पाडून घेण्यासाठी मोठ्या कंपन्या पैसा ओतणारच; म्हणून सरकारचा पसाराच आवरावा. दुसऱ्या गटाच्या मते सरकार मागे हटले की ती जागा रिकामी राहत नाही, तिथे सर्वांत बलाढ्य कंपनी येऊन बसते. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. प्रत्यक्ष उदाहरणे, शक्यतो आपल्या शहराशी निगडित, घेऊन कोणी उलगडा करील काय?

उत्तर: कोयली रोड

पहिल्या गटाचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. १९५१च्या उद्योग अधिनियमाने परवानापद्धती आली ती मोठ्या घराण्यांना आवर घालण्याच्या हेतूनेही. पण १९६०च्या दशकात अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी केलेल्या अभ्यासात आणि पुढे परवानापद्धतीची चौकशी करणाऱ्या दत्त समितीच्या १९६९च्या अहवालात नेमके उलटे चित्र दिसले. मोठे समूह परवाने आधीच मिळवून अडवून ठेवत आणि त्यामुळे नवख्या उद्योजकाला शिरकावच होत नसे. ज्या यंत्रणेने लगाम घालायचा, तीच कुंपण झाली.

परंतु आपल्या शहराजवळची दुसरी घटनाही पाहावी. १९६९मध्ये स्थापन झालेल्या आयपीसीएल या सरकारी पेट्रोरसायन कंपनीचे २६ टक्के भाग २००२मध्ये व्यवस्थापनासह रिलायन्सला विकले गेले. रिलायन्सची बोली प्रतिभाग २३१ रुपयांची होती. इंडियन ऑइलची १२८ रुपयांची. तिजोरीच्या दृष्टीने व्यवहार उत्तम झाला, यात शंका नाही. मात्र घेणारा समूह त्याच क्षेत्रातील देशातला आघाडीचा उत्पादक होता. विलीनीकरणाला पूर्वपरवानगी घेण्याची मक्तेदारी कायद्यातील तरतूद १९९१मध्येच काढून टाकलेली होती, आणि नव्या स्पर्धा कायद्यातील तत्सम तरतुदी १ जून २०११ रोजी अमलात आल्या. म्हणजे २००२ची विक्री असो वा २००७चे आयपीसीएलचे रिलायन्समधील विलीनीकरण, प्लास्टिकचा कच्चा माल घेणाऱ्या लहान कारखानदारांपुढे विक्रेत्यांचे किती पर्याय उरतील, हे आधी तपासण्याचे बंधन असलेली स्पर्धा-यंत्रणा त्या वेळी कार्यरत नव्हती. सरकार एका कंपनीने लहान झाले, पण जे कार्यालय आधी उभारायला हवे होते, ते मागाहून आले. माझ्या मते खरी चूक या क्रमात आहे. विक्री करावी की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

उत्तर: रावपुऱ्याचा वाचक

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. त्याला बडोदे संस्थानाच्या इतिहासाची जोड द्यावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गायकवाडांच्या दरबाराजवळ फौजेचे थकलेले पगार भागवण्याइतकी रोकड नव्हती. ती हरिभक्ती, सामळ बेचर यांसारख्या पेढ्यांकडून घ्यावी लागे आणि फेडीसाठी परगण्यांचा वसूल लावून द्यावा लागे. कर्जाच्या हमीसाठी ईस्ट इंडिया कंपनी पुढे आली आणि त्या हमीबरोबर तिचा दरबारातील शब्दही वजनदार होत गेला. त्या काळचे शासन आजच्या मानाने अगदीच लहान होते: शाळा नाहीत, आरोग्य खाते नाही, वसुलीसुद्धा बऱ्याच अंशी इजारदारांकडे, म्हणजे ठरावीक रक्कम भरून वसुलीचा मक्ता घेणाऱ्यांकडे. तरीही धनकोंचा प्रभाव प्रचंड होता, कारण दरबाराला स्वतःच्या उत्पन्नाचा हिशेब स्वतः ठेवता येत नव्हता.

१८७५नंतर दिवाण सर टी. माधवराव यांनी महसूल, न्याय आणि पोलीस यांची घडी नव्याने बसवली. पुढे सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. खाती वाढली, खर्च वाढला, आणि सावकारांची जुनी पकड मात्र सैल झाली. (दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधीचा, म्हणजे रेसिडेंटचा, वचक कायम होता, हे खरे, तो वेगळा विषय आहे.) सरकार किती मोठे आहे यापेक्षा ते स्वतःच्या कारकुनांवर आणि स्वतःच्या तिजोरीवर चालते की दुसऱ्याच्या, हे मला अधिक निर्णायक वाटते.

मांडवीकर

दोघांचेही मनापासून आभार. पण मग निवडणूक देणग्यांचे काय? तिथे तर प्रभाव थेट पैशातूनच येतो.

उत्तर: हिशेबनीस, अलकापुरी

देणग्यांचा इतिहास या प्रश्नाला फार उपयोगी आहे. १९५७मध्येच मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी टाटा स्टीलच्या प्रकरणात कंपन्यांच्या पैशाने लोकशाहीला असलेल्या धोक्याकडे लक्ष वेधले होते. १९६९मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५मध्ये ती उठवून नफ्याच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली, २०१३च्या कंपनी कायद्याने ती मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के केली, आणि २०१७मध्ये मर्यादाच काढून टाकून निवडणूक रोख्यांची वाट मोकळी करण्यात आली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोखे आणि ती अमर्याद सूट दोन्ही रद्द केली. म्हणजे बंदी आली ती सरकारचा पसारा वाढत असताना, आणि मर्यादा हटली ती उदारीकरणाला पाव शतक उलटल्यावर. सरकार आक्रसल्यामुळे कंपन्यांना देणगी देण्याची गरज उरली नाही, असे काही झाले नाही. रस्ते, वीज, खाणी आणि दूरसंचार यांतील निर्णय सरकारकडेच राहिले, केवळ परवान्याच्या जागी निविदा आणि लिलाव आले.

म्हणून आपल्या मंडळाला माझी सूचना अशी की, पुढील बैठकीत अंदाजपत्रकाच्या आकड्यावर वाद घालण्याऐवजी महानगरपालिकेच्या एखाद्या मोठ्या निविदेतील पात्रतेच्या अटी वाचाव्यात. किमान उलाढाल किती मागितली आहे, पूर्वानुभवाची अट कोणत्या शब्दांत घातली आहे, आणि त्या अटी पूर्ण करणारे बोलीदार प्रत्यक्षात किती उरतात, हे तपासावे. कागद संकेतस्थळावर नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. तो लिहून देण्यास मी आनंदाने मदत करीन.