बालवाडीच्या समितीत यायला पालक तयारच होत नाहीत, काय करावं?

नमस्कार मंडळी. नागपुरात प्रताप नगरकडे आमची एक छोटी बालवाडी आहे. नर्सरी, केजी-१, केजी-२. दोन ताई, एक मावशी आणि कारभार पाहायला बिनपगारी समिती. सात जागांपैकी तीन या उन्हाळ्यात रिकाम्या होतील, कारण त्या तिघांची मुलं पहिलीत जाताहेत. मी सचिव आहे. नवे पालक कुठून आणू?

पालकांना आस्था नाही असं मुळीच नाही. तान्ह्या पोळ्याला येऊन बघा. लाकडी नंदी सजवून, पोराला धोतर-फेटा नेसवून आईबाबा, आजी-आजोबा सगळे हजर. कूलरची टाकी गळतेय म्हटलं तर तासाभरात कोणीतरी प्लंबर पाठवतं. पण "समितीत याल का?" विचारलं की लगेच घड्याळ बघतात. ग्रुपवर मेसेज टाकला तर अंगठे भरपूर, नाव एकही नाही.

कोणी मिहानला शिफ्टमध्ये, कोणी बुटीबोरीला, ते समजू शकते. एका बाबांनी स्पष्टच विचारलं, "उद्या धर्मादाय आयुक्तांची नोटीस आली तर माझं नाव येईल ना?" एक आई म्हणाली, "मले हिशेब जमत नाही, मी काय करू तिथं?" आणि सगळ्यात जास्त ऐकू येतं ते "तुम्ही छानच करून राहिल्या की ताई!" हे कौतुक की कटवणं, देव जाणे.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती सक्तीची केली, तीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला. पण तो कायदा ६ ते १४ वयाचा, आमची पोरं त्याहून लहान. त्यामुळे विनंतीपलीकडे आमच्या हातात काही नाही. आणखी एक अडचण म्हणजे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मे महिन्यात सगळे गावाला. मग सभा मार्चमध्येच घ्यावी का?

प्रतिसाद
मार्चमध्येच घ्या. मी नंदनवनला मुलीच्या बालवाडीत खजिनदार होते. ग्रुपवर सगळ्यांना विचारलं म्हणजे कोणालाच विचारलं नाही! सुटीच्या वेळी फाटकाशी एकेकीला गाठा आणि समितीचं नाव न काढता काम सांगा. "रंगरंगोटीची कोटेशनं आणाल का?" एवढंच. हिशेब न जमणारीला हिशेब देऊच नका, नव्या आयांशी बोलायला तिच्याइतकं कोणी नाही. आणि नर्सरीचे पालक धरा. केजी-२ वाले एप्रिलमध्ये निघून जातात, नर्सरीवाले तीन वर्षं राहतात.

प्रतिसाद
त्या बाबांची भीती हसण्यावारी नेऊ नका. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर कार्यकारी मंडळ बदललं की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिला नाही तर कागदावर जुनीच नावं राहतात आणि गेलेल्या माणसाला विनाकारण विचारणा होते. शेवटचा मंजूर चेंज रिपोर्ट आणि गेल्या वर्षीचं ऑडिट त्यांच्यासमोर ठेवा. तरी धाकधूक असेल तर आधी वर्षभर उपसमितीत घ्या. तिथे बँकेची सही नाही आणि चेंज रिपोर्टमध्ये नावही जात नाही. फक्त तुमच्या नियमावलीत तशी तरतूद आहे का पाहा.

प्रतिसाद
बैठक किती वाजता असते?

धागाकर्ती
शनिवारी सकाळी अकराला. ताईंना तेच सोयीचं पडतं.

प्रतिसाद
मग नोकरीवाले येतील कसे बाप्पा? रविवारी नऊला घ्या, पोरांना अंगणात खेळू द्या, तर्री-पोहे ठेवा. आणि साडेदहाला उठायचं म्हणजे उठायचं. आमच्याकडे एक काका चहा संपला तरी संस्थेचा इतिहास संपवत नसत, दोन जण त्यांच्यापायी गेले.

धागाकर्ती
काका आमच्याकडेही आहेत :) रविवारचं ताईंशी बोलते. चेंज रिपोर्टची फाइल काढून ठेवली. नियमावली पाहिली, उपसमितीचं कलम आहे, पण त्यात मतदानाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. तुमच्याकडे उपसमितीतल्या पालकांना बैठकीत मत असतं का, की नुसतं बसायचं? नुसतं बसायला बोलावलं तर दुसऱ्या रविवारी कोणी येणार नाही.