वहिनी म्हणायचं की नावाने हाक मारायची?

सांजवात: आमची चार जोडपी, सतरा वर्षांची मैत्री. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याजवळच्या गच्चीवरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायची, शनिवारी रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस. त्यातल्या एका जोडप्याने परस्परसंमतीने घटस्फोट घेतला. पंधरा दिवसांत नवा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, तिला वगळून. तो ह्यांचा कॉलेजचा मित्र, म्हणून ती आमची 'वहिनी'. नातं त्याच्याकडून आलं, म्हणून त्याच्यासोबत संपलं? माझ्या दोन्ही बाळंतपणांत डबे तिने पोचवले होते. यंदा गच्चीवर मी दोघांनाही बोलावणार आहे.

जुना इंदूरकर: ताई, नका बोलावू. आमच्याकडे हे करून झालंय. दोघं आले, दोन टोकांना बसले, आणि बाकीचे सगळे कुणाशी किती बोललो याचा हिशेब ठेवत राहिले. शिवाय माझा मित्र मला आधी. चाळिशीत एकटा पडलेला पुरुष रडत नाही, फोन उचलणं बंद करतो. त्याला कोण बघणार?

तिठा: आणि घरात मारहाण असेल तर? तिथेही "आम्ही दोघांचे" म्हणणार? माझ्या मैत्रिणीच्या वेळी सगळे तेच म्हणाले. तिने ते कधी विसरलं नाही.

रामबागकर: मी त्या 'वहिनी'च्या जागी होते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब च्या, म्हणजे संमतीने घटस्फोटाच्या, अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ती मुदत माफ होऊ शकते, आमची झाली नाही. त्या सहा महिन्यांत दर रविवारी कुणीतरी समजूत घालायला यायचं. तो वेळ कायद्याने आम्हा दोघांना विचार करायला दिला होता, पंचायत बसवायला नव्हे. हुकूम झाला आणि फोन थांबले. संक्रांतीला शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं. बायका माझ्या दारावरून गेल्या, मी आत दिवा न लावता बसले होते. दादा, तुमच्या मित्राला जरूर सांभाळा. त्यासाठी तिला ग्रुपमधून का काढावं लागतं?

जुना इंदूरकर: ते चूकच. मनापासून मान्य. पण एका गच्चीवर दोघं, हे अजूनही पटत नाही.

सांजवात: बोलावणं दोघांना जाईल. यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे, आपण का ठरवायचं? काल तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली. दोघीही जरा अडखळलो.