नाताळच्या सेवेत वचनाचे कार्ड असावे का?

वांद्रे गावठाण (धागाकर्ती):
आमच्या धर्मग्रामातील (एका चर्चशी जोडलेल्या वस्तीतील) काही कुटुंबे नाताळच्या आठवड्यात परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर, फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे आणि ब्लँकेटे देतात. यंदाच्या तयारीच्या बैठकीत डब्यासोबत बायबलमधील वचनाचे छोटे कार्ड द्यावे, अशी सूचना आली आणि तिच्यावरून मते दुभंगली. कार्ड देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. भुकेल्याला जेवू घालणाऱ्यांना आणि परक्याला घरात घेणाऱ्यांना आपण ही सेवा प्रत्यक्ष प्रभूची केली हे ठाऊकच नव्हते, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे आपल्या श्रद्धेप्रमाणे फुटपाथवर बसलेल्या त्या माणसातच प्रभू आहे. मग त्याच्या हातात कार्ड ठेवून त्याला प्रभूची ओळख करून देणारे आपण कोण? शिवाय ज्याच्या बायकोचा बायोप्सीचा अहवाल उद्या यायचा आहे आणि जवळचे पैसे संपत आले आहेत, तो डबा घेताना कार्ड नाकारू शकत नाही. ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही, त्याच्यासमोर श्रद्धा ठेवणे मला अनुचित वाटते.

याचा अर्थ आपण कोण आहोत हे लपवावे असा नाही. गळ्यातला क्रूस काढून ठेवायची गरज नाही, डब्यात न्यूरी आणि कलकल हे नाताळचे गोड पदार्थ असावेत, आणि कोणी विचारलेच तर आम्ही ख्रिस्ती आहोत आणि हा आमचा सण आहे, असे आनंदाने सांगावे.

वसईकर:
मी पूर्णपणे असहमत आहे. त्याच मत्तयच्या पाचव्या अध्यायात दिवा लावून मापाखाली ठेवू नका, असेही सांगितले आहे. ब्लँकेटे कंपन्याही वाटतात आणि राजकीय पक्षही वाटतात; त्यांच्यात आणि आपल्यात फरक असेल तर तो आपण हे का करतो यातच आहे, आणि नेमके तेच आपण सांगायचे नाही, असे तुमचे म्हणणे आहे. गुरुद्वाराच्या लंगरात बसणाऱ्याला आपण गुरूच्या घरी जेवतो आहोत हे माहीत असते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिलेला आहे.

माझी खरी काळजी घरातली आहे. माझी मुले डबे भरायला बसतात तेव्हा ती केवळ समाजकार्य करत नसून प्रभूच्या जन्माला दिलेले उत्तर म्हणून हे करत आहेत, हे त्यांना कळायला हवे. वचन बाहेर न्यायला आईवडीलच संकोचले, तर मुले त्यातून संकोचच शिकतील.

दादरकर:
मी ख्रिस्ती नाही, तरीही लिहितो. अनुच्छेद 25 चा दाखला अर्धाच दिला गेला आहे. आपल्या धर्माची तत्त्वे इतरांसमोर मांडण्याचा हक्क त्यात आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले आहे. अर्थात एक कार्ड म्हणजे धर्मांतर नव्हे आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र अडलेल्या माणसाला मदत आणि उपदेश एकाच हाताने मिळाला की संशय उभा राहतो, आणि मग त्याची झळ निरपेक्ष सेवा करणाऱ्यांनाही लागते.

याच रुग्णांना आसरा देणारी गाडगे महाराजांची धर्मशाळा दादरला आहे. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र ही त्यांची दशसूत्री आणि धागाकर्तीने दिलेला मत्तयचा उतारा शेजारी ठेवून वाचावा. दोन्हींत देणाऱ्याच्या नावाला जागाच नाही.

फुटपाथवर राहिलेली:
माझ्या आईच्या उपचारांच्या काळात मी त्या फुटपाथवर राहिले आहे, म्हणून तिथली बाजू सांगते. मला अशी कार्डे मिळाली होती. त्यांचा राग आला नाही; एक तर आईने वाचूनही घेतले. राग आला तो डबा हातात देताना मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांचा. तोंडाला फडके बांधून, नाकात नळी घेऊन बसलेल्या बाईचा फोटो कोणी कोणत्या कारणासाठी काढावा?

दुसरे असे की केमो चालू असलेल्या रुग्णाच्या तोंडात फोड आलेले असतात. त्याला केक, न्यूरी किंवा मसालेदार पुलाव चालत नाही, आणि संसर्गाच्या भीतीने बाहेरचे खाणे अनेकदा बंदच असते. म्हणून डबा सोबतच्या नातेवाइकाला द्यावा, आणि रुग्णासाठी पेज किंवा मऊ भात चालेल का हे आधी विचारून घ्यावे. 25 डिसेंबरला आमच्यापुढे तीन-तीन डबे येत आणि अन्न वाया जाई. जानेवारी लागला की कोणी फिरकत नसे. कार्डावर इतका वाद घालणाऱ्यांनी याचाही विचार करावा, ही विनंती.

वसईकर:
फोटोंबद्दलचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. आमच्या गटात ते बंद व्हायलाच हवेत. पण दादरकरांच्या संशयाच्या मुद्द्यावर ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण देतो. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्याला गेलेले त्यांचे शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून 1893 मध्ये गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. संशय येईल म्हणून रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवे होते का?

वांद्रे गावठाण (धागाकर्ती):
मुळीच नाही, आणि माझा आक्षेप दाराला नाहीच. उघड्या दारातून आत यायचे की नाही हे त्या मुली ठरवत होत्या, तर आपले कार्ड अन्नाबरोबर थेट हातात जाते. मुलांना कारण कळावे हे तुमचे म्हणणे मला मोलाचे वाटते. त्यासाठी डबे भरण्यापूर्वी घरात मत्तयचा तो अध्याय मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा. वचन तिथे सांगितले तर कोणावरही त्याचा भार पडत नाही.

जानेवारीचा मुद्दा मी बैठकीत मांडणार आहे. आपला नाताळचा काळ जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, तेव्हा सगळे डबे 25 तारखेला न नेता कुटुंबांनी दिवस वाटून घ्यावेत.

वसईकर:
दिवस वाटून घेण्याला माझा पाठिंबा आहे आणि नवीन वर्षाचा पहिला आठवडा आमचे कुटुंब घेईल. कार्ड मी डब्यात ठेवणार नाही. तरीही खिशात चार कार्डे असतील, आणि कोणी कारण विचारले तर बोलून झाल्यावर मी ते देईन. त्यालाही तुमचा विरोध असेल, तर बैठकीत समोरासमोर बोलू.