नंबर वॉर्डचा द्या, स्वतःचा नको
पेशंटच्या नातेवाइकांना डॉक्टरने स्वतःचा मोबाईल नंबर द्यावा का, असं नवे डॉक्टर विचारतात. माझ्या मते नाही. रात्री फोन येतो, केसपेपर समोर नसतो, अंदाजाने सांगितलेला डोस पेशंटला भोवतो. वॉर्डचा नंबर लिहून द्या, तातडीला १०८.

पण म्हणून कोरडं वागू नका. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या मराठी बोलणाऱ्या आजींपुढे कन्नड संमतीपत्र ठेवलं की त्या नुसता अंगठा उठवतात. स्टूल ओढून बसा, मराठीत समजावून सांगा, मग विचारा, "आजी, उद्या काय करणार आहेत, सांगा बघू?" चुकलं तर पुन्हा सांगा. दुभाष्या म्हणून नातवाला उभं करू नका, वाईट बातमी तो हमखास गाळतो. "काही होत नाही" असा शब्द तर कधीच देऊ नका. पैशांची अडचण असेल तर खिशात हात घालण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचाराच्या खर्चाला मदत करणाऱ्या सरकारी आरोग्य कर्नाटक योजनेच्या काउंटरवर पाठवा.