वेळबदलाची क्यू रोबोटवर सोडू नका

ट्रॅव्हल एजंटच्या बुकिंग सिस्टिममध्ये ज्या बुकिंगवर काही करायचं बाकी असतं त्यांची यादी म्हणजे क्यू. ‘क्यू साफ करायचं काम पूर्ण रोबोटवर (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमवर) सोडा, मध्ये माणूस नकोच’ असं मत या चर्चेत मांडलं गेलंय. तिकीट काढायच्या मुदतीपुरतं ते मला शंभर टक्के पटतं. मुदत टळली की पीएनआर (म्हणजे बुकिंग) आपोआप रद्द होतो आणि रात्री-अपरात्री ते बघायला कोण जागं असतं? पण वेळबदलाच्या क्यूला तोच नियम लावला तर प्रवाशाचे हाल होतात. विमान कंपनीने वेळ बदलली की बुकिंगमधल्या त्या सेगमेंटवर (प्रवासाच्या टप्प्यावर) ‘टीके’ हा वेळबदलाचा कोड येतो, रोबोट तो स्वीकारून ‘एचके’ म्हणजे कन्फर्म करतो आणि क्यू रिकामी. तिकिटावर मात्र जुनीच वेळ राहते! ते रीव्हॅलिडेट (त्याच तिकिटावर नवी वेळ चढवणं) किंवा रीइश्यू (तिकीट नव्याने काढणं) करावंच लागतं, नाहीतर चेक-इनच्या काउंटरवर अडकायला होतं.

पुण्यात आणखी एक भानगड आहे, जी इथे कुणी मांडली नाही. परदेशी जाणारे आपले बरेचसे लोक मुंबईहून उडतात, म्हणजे सोबत कॅबचं व्हाउचर आलंच. किंवा लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते दिल्ली एका पीएनआरवर आणि पुढचं विमान दुसऱ्यावर. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे सिस्टिमला कळतच नाही. विमान चार तास अलीकडे येतं आणि कोथरूडला कॅब जुन्याच वेळेला लागते. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे: त्याच मोबाइल नंबरवर दुसरा पीएनआर किंवा कॅब दिसली, की रोबोटने हात न लावता ते बुकिंग वेगळ्या क्यूत टाकायचं. तिथून पुढे माणूसच बघतो, आणि प्रवाशाला फोन केल्याशिवाय ‘टीके’ स्वीकारत नाही.